शेंदराखालची येसाई

घरात मला सगळे शांत समजतात. सुना तर म्हणतात, आईंचा आवाज आरतीपुरताच चढतो. त्यांना वाटते हा माझा स्वभाव. पहाटे आसनावर बसून मी रोज जे शमवते ते काय आहे, हे मी कोणाजवळ बोलले नाही. नामस्मरणाने पुष्कळ गोष्टी निवल्या. पतीचा वियोग निवला, दोन लेकरे गेली तेही ईश्वरेच्छा म्हणून स्वीकारता आले. बारवपुऱ्यातला एक उन्हाळा मात्र अजून निवलेला नाही. अलीकडे मला असे वाटू लागले आहे की तो निवू नये अशीच कोणाची तरी इच्छा असावी.

धाराशिवच्या वेशीबाहेर, येडशीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या उजव्या अंगाला आमचा पुरा होता. सरकारी कागदावर गावाचे नाव तेव्हा उस्मानाबाद. आमच्या घरात मात्र संकल्पापासून भांडणापर्यंत सगळीकडे धाराशिवच. गावातले लोक आम्हाला ‘पुऱ्यातले’ म्हणत, आणि त्या म्हणण्यात थोडी तुच्छता असे. पुऱ्यात एक महादेवाचे देऊळ, त्याच्यासमोर एक मोठी पायऱ्यांची विहीर, म्हणजे बारव, आणि तिच्या भोवतीने घरे. माझे वडील, नाना, त्या देवळाचे पुजारी. चातुर्मासात पुराण सांगत. त्यांना मुलगा नव्हता. म्हणून शब्दरूपे, धातुरूपे आणि पुढे पूजेचे सर्व विधी त्यांनी मला शिकवले. लोक नावे ठेवत. नाना म्हणत, विद्या पात्र पाहते, नेसण पाहत नाही.

आमचा दिवस बारवेच्या आवाजाने उजाडे. खालच्या पायरीवर पितळी घागर टेकली की तिचा नाद भिंतींवरून फिरत वर येई, आणि कोनाड्यातले पारवे एकदम उडत. त्यातच नानांचे पठण मिसळे, आणि माईच्या जात्याची घरघर. माई म्हणजे माझी आई. सकाळी हुलग्याचे माडगे, दुपारी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि वर कच्चे तेल घालून शेंगदाण्याची चटणी. अंबाडी बेंबळीहून मामा पाठवीत. सोवळ्याचे पाणी, पिण्याचे पाणी, सडा-सारवणाचे पाणी, सारे त्याच पायऱ्या चढून येई. आजही नळ सोडला की मला क्षणभर ते फुकट घेतल्यासारखे वाटते.

बारवेच्या पहिल्या पायरीच्या तोंडाशी एक उभा दगड होता, पुरुषभर उंचीचा. वर चंद्रसूर्य कोरलेले, मध्ये अक्षरे, आणि पायथ्याशी एक गाढव. जुन्या काळी कोणी धर्मार्थ काही दिले की असा दगड लावीत आणि त्या दानाला जो आडवा येईल त्याच्यासाठी खाली एक शाप लिहीत. तो शाप गाढवाचा असे, आणि सभ्य माणसाला वाचता येणार नाही असा असे. चित्रही तसेच. लहानपणी आम्ही तिथून जाऊ लागलो की माई पदर आडवा धरी. नाना मात्र मला एकदा तिथे घेऊन गेले. महादेवाचे भस्म ओल्या बोटाने अक्षरांवर चोळले, मग फडक्याने हलकेच पुसले. काळ्या दगडावर पांढरी अक्षरे उमटली, जणू आत्ता कोणी लिहिली. मी बोट ठेवून ती वाचली. शेवटच्या ओळीवर आल्यावर नाना म्हणाले, ती मनात वाच. मी मनात वाचली आणि कानापर्यंत लाल झाले.

आमच्या पुऱ्यात एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या मुलखात पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली मातीची भांडी पुजतात. त्यांना आम्ही करा-केळी म्हणतो. पुऱ्यात आपले पितर संपले की प्रत्येक घरची बाई तो करा घेऊन बारवेवर येई आणि त्या दगडाच्या पायाशी पाणी ओती. म्हणे, “येसाईच्या नावानं.” येसाई कोण, हे आम्हा बापलेकीखेरीज कोणाला ठाऊक नव्हते आणि कोणी विचारीतही नव्हते. पाणी घालायचे, घरी जाऊन चिंचवणी आणि आमरसाचे जेवण जेवायचे. मला वाटे, न विचारता केलेली ही कृतज्ञता किती निर्मळ आहे. न विचारण्याची सवय पुढे काय करील, हे तेव्हा कळले नव्हते.

पुऱ्याच्या उताराखाली एक वस्ती होती. तिथल्या लोकांना बारवेच्या पायऱ्या उतरायला मनाई. कोणी लिहून ठेवलेली नव्हती. ती होती एवढेच. त्या बाया काठावरच्या लिंबाखाली घागरी घेऊन बसत आणि वरच्या घरातल्या कोणा बाईला दया येईल तेव्हा ती वरून पाणी ओती. सोजर नावाची एक बाई आमच्या घरी केरसुण्या आणून देई. सडपातळ, कपाळावर गोंदण, बोलायला तिखट. उन्हे चढली तरी तिची घागर रिकामीच असे. मग ती देवळाकडे तोंड करून मोठ्याने म्हणे, “महादेवा, तुला तर ह्ये रोज आंघोळ घालतेत. मला नगं आंघोळ, घोटभर पेयाला द्याया सांग की.” माई हसू दाबून घागर घेऊन बाहेर जाई.

निजामी राजवट जाऊन काही वर्षे लोटली होती. पुऱ्यात गुणवंतराव म्हणून एक बडे गृहस्थ होते. पूर्वी कचेरीत पेशकार होते. राज्य बदलले तशी त्यांची शेरवानी गेली आणि खादीचा कोट आला, बाकी काही बदलले नाही. त्यांनी एक मंडळ काढले. पुऱ्याचा इतिहास जपायचा, दरसाल आखितीला उत्सव करायचा, मिरवणूक, लेझीम, शाळेच्या पोरांचे देखावे. देवळाच्या सभामंडपात ते म्हणाले, “आता राज्य आपलं, मग इतिहासबी आपलाच असला पाहिजे.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, गावाने आम्हाला तुच्छ लेखावे आणि आमच्याकडे सांगण्यासारखे काही असू नये, याचे मलाही दुःख होते. गुणवंतरावांच्या घरात अशी समजूत होती की बारव त्यांच्या पूर्वजाने बांधली. तेव्हा त्यांनी सर्वांसमक्ष नानांना विनंती केली की दगड वाचून दाखवावा, म्हणजे ते नाव एकदाचे जाहीर होईल.

नानांनी तो दगड पूर्वीच वाचलेला होता. पूर्वजाच्या नावाबद्दल त्यांना कोणी विचारले नव्हते म्हणून त्यांनी सांगितले नव्हते, इतकेच. आता विचारले. त्यांनी स्नान केले, भस्म घेतले, आणि साऱ्या पुऱ्यासमोर अक्षरे उजळून मोठ्या, संथ आवाजात वाचली. मिठाच्या तांड्याची येसाई. हिचा लेक या ठायी पाण्यावाचून गेला. हिने आपली काकणे मोडून ही बाव बांधली. उदक जीवमात्रास. कोणी कोणास पुसू नये. एवढे वाचून ते थांबले. खाली शापाची ओळ उरली होती. गुणवंतरावांच्या भाच्याने विचारले, पुढं काय? नाना म्हणाले, पुढचे झिजले आहे. ते झिजलेले नव्हते. माझ्या वडिलांच्या तोंडून मी ऐकलेले तेवढे एकच असत्य.

लिंबाखाली बसलेली सोजर उठून उभी राहिली.

“नाना म्हाराज,” तिने विचारले, “जीवमात्र म्हंजी आमीबी व्हय?”

भाचा हसून म्हणाला, “जीवमात्रात गाढवंबी आली की मग.” पुष्कळजण हसले.

“गाढवं तर कवाच पितेत, मालक,” सोजर म्हणाली. “कुंभाराची गाढवं पार खालच्या पायरीपतोर जातेत. आमचंच तेवढं राह्यलंय.”

हसणे थांबले. सगळे नानांकडे पाहू लागले. नानांनी हातातले फडके घडी करून खांद्यावर टाकले आणि म्हणाले, “होय बाई. तुम्हीही.”

दुसऱ्या दिवशी सोजर घागर घेऊन पायऱ्या उतरली. तिच्यामागे वस्तीतल्या आणखी काही बाया. वरच्या बायांनी लुगडी आवरून घेतली, पण कोणी अडवले नाही. अडवणे आता कायद्याने गुन्हा झाला होता आणि दगडाने तर आधीच सांगून ठेवले होते. मी खालच्या पायरीवर होते. सोजरने घागर भरण्याआधी ओंजळ भरली, प्यायली, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “गोड हाय की. वरून वतलेलं निराळं लागतं.” माझ्या जन्मात मी पुष्कळ प्रवचने ऐकली, धर्मावर इतके थोडक्यात कोणी बोललेले ऐकले नाही.

आखिती येईपर्यंतचे थोडेच दिवस हे चालले. मग एका दुपारी गुणवंतराव आमच्या घरी आले. माईने पन्हे दिले. त्यांचा आवाज लोण्यासारखा होता. म्हणाले, नाना, तुम्ही आमचे डोळे उघडलेत. आम्ही उगीच आमच्या पूर्वजाचा अभिमान धरून बसलो होतो. दरसाल जिच्या नावाने पाणी घालतो ती येसाई म्हणजे साक्षात देवीच नव्हे का? आणि तिचा दगड असा उघड्यावर, उन्हापावसात, कुत्र्यामांजरांनी विटाळलेला. याच आखितीला तिची स्थापना करू. ओटा बांधू, सोनारीच्या भैरवनाथाला असतो तसा शेंदूर चढवू, चांदीचे डोळे बसवू. प्राणप्रतिष्ठा तुमच्याच हातून व्हावी, ही आम्हा सगळ्यांची इच्छा.

नानांच्या डोळ्यांत पाणी आले. हेच मला आजही सहन होत नाही. त्यांना कपट दिसलेच नाही, पूजा दिसली. आयुष्यभर ज्या माणसाने दगडात देव पाहिला, त्याला दगडाचा देव करू म्हटल्यावर तो नाही कसा म्हणणार? आमच्या लोकांना फसवायला खोटे बोलावे लागत नाही. नमस्कार करायला लावले की पुरते.

मी दाराआडून बोलले. “शेंदूर चढवल्यावर अक्षरे कशी वाचता येतील?”

गुणवंतरावांनी प्रेमाने माझ्याकडे पाहिले. “वाचायचं ते वाचून झालं, बाळ. आता पूजायचं.”

येडशीहून गवंडी आले. ओटा बांधला तो दगडाच्या पायाशी, म्हणजे नेमका पायऱ्यांच्या तोंडावर. खालचे गाढव त्यात गाडले गेले. एका बाजूने एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट ठेवली, तीही ओट्याला घासून. आखितीच्या सकाळी हलगी आणि सनई वाजली, पोरांनी लेझीम खेळली, खादीच्या टोप्यांची रांग उभी राहिली. नानांनी न्यास केले, आवाहन केले. मग तेलात कालवलेला शेंदूर आला आणि भाचा दोन्ही हातांनी तो फासू लागला. वरून सुरुवात केली. चंद्रसूर्य गेले. येसाई गेली, तिचा लेक गेला, काकणे गेली. मी एकेक अक्षर जाताना पाहत होते. उदक गेले. जीवमात्र गेले. त्यावर चांदीचे दोन डोळे बसवले, आणि ते डोळे पायऱ्यांवर रोखलेले होते. भोवती माणसे गहिवरून टाळ्या वाजवत होती. पुऱ्याने आपला इतिहास जपला होता.

ओट्यावर एक फळी लावली होती: सोवळ्याशिवाय ओट्यास शिवू नये.

थोड्या वेळाने सोजर घागर घेऊन आली. नेहमीप्रमाणे पायऱ्यांकडे निघाली आणि ओट्यापाशी थबकली. गुणवंतराव पुढे झाले. त्यांनी तिला हात जोडले. हो, हात जोडले. “बाई, अडवणारा मी कोण? हे देवीचं ठाणं आहे. देवीलाच विचारा.”

सोजरने देवीला विचारले नाही. तिने नानांकडे पाहिले. ते ओल्या पंचाने ओट्यावर उभे होते, हाताला शेंदूर लागलेला.

“नाना म्हाराज, तवा वाचलं ते खोटं व्हतं का?”

नाना हाताचा शेंदूर पंचाला पुसू लागले. चार वेद मुखोद्गत असण्याची कीर्ती असलेला माणूस, त्याला ‘नाही’ एवढे दोन अक्षरांचे उत्तर सापडले नाही. सोजरने घागर पुन्हा कमरेवर घेतली. मग वळली.

तेव्हा बायांच्या रांगेतून माई निघाली. तिच्या हातात करा होता, येसाईच्या नावाने दगडाला घालायचा. ती दगडाकडे गेली नाही. सोजरच्या मागे गेली, तिला थांबवले आणि तो करा तिच्या घागरीत रिता केला. स्पष्ट आवाजात म्हणाली, “येसाईच्या नावानं.” सनईवाल्यांनी सनई खाली ठेवली. आणखी एकदोन बाया हलल्यासारख्या झाल्या, पण हलल्या नाहीत. सोजरने माईला नमस्कार केला आणि ती उतार उतरून गेली. नातेवाईकांत ही गोष्ट आजही माईचा मोठेपणा म्हणून सांगतात. माईने केले ते पुण्यच होते, मी तिच्या पायांची धूळ आहे. पण तेही वरून ओतलेले पाणीच होते. सोजर काठावर होती, तिथेच परत गेली.

त्या दिवशी आमच्या घरी आमरसाला कोणी हात लावला नाही. मी नानांना म्हटले, “तुम्ही आवाहन केले तसे विसर्जन करा. देव उठवा. मग तो नुसता दगड आहे, शेंदूर खरवडता येईल.”

“बसवलेला देव असा उठवीत नाहीत,” नाना म्हणाले. “आवाहन मी मनापासून केले आहे. तिथे आता देव आहे.”

“असेल तर तो सोजरला का अडवतो?”

“देव अडवीत नाही. माणसे अडवतात.”

“मग माणसांना सांगा.”

त्यांनी पानावरून पाण्याची रेघ फिरवली आणि उठले. त्यांनी माणसांना कधीच सांगितले नाही. मरेपर्यंत रोज त्या ओट्यावर फूल वाहिले. मी त्यांची सेवा केली, त्यांना शेवटचे गंगोदक मीच पाजले, त्यांचे श्राद्ध आजही श्रद्धेने होते. आणि त्यांच्यावरचा माझा राग जसाचा तसा आहे. दोन्ही एकाच हृदयात राहतात. शास्त्रात याला काही नाव असल्यास मला माहीत नाही. देव नाकारणाऱ्यांचा मला कधी राग आला नाही, त्यांची त्यांची वाट. देवाला दारावरचा पहारेकरी करून बसवणाऱ्यांना मात्र क्षमा करण्याची शक्ती मी रोज मागते आणि ती मला रोज मिळत नाही.

पुढे खालच्या वस्तीला निराळा हातपंप मिळाला आणि प्रश्न मिटला, असे लोक म्हणू लागले. सोजर म्हातारी होईपर्यंत माझ्या माहेरी केरसुण्या देत राहिली. पाणी मात्र तिने पुन्हा कधी मागितले नाही, उन्हातून आली तरी. मी पाण्याचा गडवा पुढे केला तर म्हणे, “ऱ्हाऊ दे माय, तहान न्हाय.”

आता पुरा राहिला नाही. तिथे येसाई नगर आहे, कमान आहे, प्लॉट पाडलेले आहेत. बारवेवर स्लॅब पडला. शेंदराचे कवच वीतभर जाड झाले आहे आणि देवी स्वयंभू असल्याचे फलकावर लिहिले आहे. मला एकच समाधान आहे. तेलाशेंदराखाली दगड झिजत नाही. कधीतरी त्या कवचाला त्याचेच वजन पेलवणार नाही आणि ते आपोआप गळून पडेल. जुन्या देवांची अशी कवचे गळतात, लोक ती भक्तिभावाने नदीत सोडतात. त्या दिवशी अक्षरे जशीच्या तशी असतील. लपवणाऱ्यांनीच ती राखली.

गेल्या आखितीला उत्सवाचे आमंत्रण आले. गुणवंतरावांचा नातू मोठ्या आदराने घरी आला होता. म्हणाला, आज्जी, स्थापना पाहिलेल्या तुम्ही एकट्याच उरलात. आपल्या वसाहतीच्या इतिहासावर दोन शब्द बोला. मी होकार दिला. पहाटे स्नान केले, धूतवस्त्र नेसले, पितरांचे करा-केळी पुजले, त्यात नानांचे नाव घेतले, आणि करा हातात घेऊन गेले. ध्वनिक्षेपक माझ्या उंचीला खाली केला गेला. चांदीचे डोळे समोर होते. मी प्रस्तावना केली नाही. मिठाच्या तांड्याची येसाई, असा आरंभ केला, तिचा लेक, तिची काकणे, उदक जीवमात्रास, कोणी कोणास पुसू नये, इथवर नानांच्याच संथ आवाजात म्हटले. लोकांना ते स्तोत्र वाटले असावे. काहींनी हात जोडले. नातूही हात जोडून उभा होता.

मग नानांनी सोडलेली गाढवाच्या शापाची ओळ मी म्हटली. ती येथे लिहीत नाही, दगडावर आहे. माझ्या आयुष्यात माझ्या तोंडून निघालेला तो एकमेव अपशब्द, आणि तो मी सोवळ्याने उच्चारला.